केसांची माशी

माशीवाली मावशी केस डोळ्यांनी नाही, नखांनी ओळखायची. केस चिमटीत दाबून, डोळे मिटून सांगायची, "शेळीचा हाय ह्यो, सरकतोय. सांबराचा आस्ता तर नखाखाली दबला आस्ता. पोकळ आसतोय त्यो." लोणावळ्याच्या एका बंगल्यात ती स्वयंपाकाला होती. तिथल्या म्हाताऱ्या मालकांनी तिला गळावर केसांची माशी बांधायला शिकवलं. मासा ती खरी समजून झेपावतो. पुढे पवना धरणाच्या काठी, आपल्या घरी, ती माझ्यासारख्या हौशी लोकांना अशा माश्या बांधून देऊ लागली.

ती बांधत असताना शेजारी बसायला मात्र छाती लागायची. गळ पकडीत धरून तिने केसांच्या झुबक्यावर दोरा आवळला, की केस चहूबाजूंनी ताठ उभे राहायचे. "ज्याचं जनावर गेलं, त्योच केस आसा उठतोय," ती भाजी निवडता निवडता बोलावं तशी बोलायची. पोकळ केस आवळला की फुलणारच, असं मी हसत समजावलं. "व्हय का?" म्हणत तिने कुंपणाच्या तारेला अडकलेले सांबराचे केस बांधले. ते मुकाट पडून राहिले. "हे जितं हाय," ती म्हणाली. झिजलेले असतील, मी मनाशी म्हटलं. पुढच्या खेपेला त्याच तारेवरचे केस ताडकन उठले. "गेलं बिचारं." दुसऱ्या दिवशी पाण्याच्या कडेला मेलेलं सांबर सापडलं. मग मी शास्त्र सांगायचं सोडून दिलं.

तिचा नवरा धरणावर मासे धरायला गेला, तो परतलाच नव्हता. प्रेतही मिळालं नाही. वराळ्याहून दीर यायचा, कंपनीत कामाला होता तो. दर वेळी म्हणायचा, "वैनी, आता दादा गेला असं धरून त्याचं पुण्यानुमोदन करून टाकू. किती वाट बघणार?" मावशी नवऱ्याचंही ताट वाढून ठेवायची. "करा की. पर त्यो दारात आला, तर त्याला काय सांगू?" तिच्या या हट्टाचं मला कौतुक वाटायचं आणि वाईटही.

गेल्या हिवाळ्यात दिराने फारच नेट धरला. मी तिथेच होतो. मावशी उठली, फळीवरून नवऱ्याचा कंगवा काढला आणि त्यात अडकलेले केस सोडवू लागली. "ह्येलाच इचारू." मला हायसं वाटलं. माणसाचा केस भरीव, तो काही फुलत नाही. तिची आशा शाबूत राहणार होती.

तिने दोरा आवळला. केस हळूहळू, एकेक करून उभे राहिले.

मावशीने कात्री घेतली, नेहमीसारखी माशी कातरून गोल केली, गळ सोडवून तळहातावर ठेवला. "भावजी, तारीख ठरवा," म्हणाली आणि हंबरडा फोडून रडली. इतक्या वर्षांत तिला रडताना मी प्रथमच पाहिलं.

तिने शिकवल्यामुळे आता मीच माझ्या माश्या बांधतो. बसलो की आधी स्वतःचे दोन-चार केस गळावर धरून दोरा आवळतो. घरचे हसतात. हसोत. अजून तरी ते पडून राहतात.