दसऱ्याच्या दिवशी मोजलेली टाकी

कारखान्यांच्या टाक्यांसाठी विजेचा हीटर निवडून देणं हा माझा धंदा. टाकीत काय आहे, किती लिटर, किती वेळात किती गरम हवं, एवढं विचारायचं आणि हीटर सांगायचा. बायको गेल्यापासून मी न विचारलेलंही बरंच सांगतो. गिऱ्हाईकं मात्र हल्ली मोबाइलवरूनच हीटर मागवतात. मला बोलावणारं घाटकोपरचं एकच वर्कशॉप उरलं होतं. तिथे रंगवण्याआधी पत्र्याचे भाग गरम रसायनात बुडवतात.

मालकाचा फोन आला, "काका, हीटर बदलायचाय. सवडीने या." मुलुंडच्या घरात माझ्याकडे सवडीशिवाय दुसरं होतं काय? दुसऱ्या दिवशी दसरा. एकट्यानेच स्टुलावर चढून दाराला तोरण लावलं, "तिरकं झालंय" म्हणायलाही कुणी नाही म्हणून टेप खिशात घातली आणि निघालो.

मालक चमकला. "आज? काका, आज पूजा आहे, काम बंद."

"म्हणूनच आलो. निवांत माप घेता येतं," मी ठोकून दिलं.

टाकी घासूनपुसून लख्ख, रसायन कालच भरलेलं, कडेला झेंडूची माळ. मी तीनदा माप घेतलं. एकदा पेढा येईपर्यंत, एकदा चहा येईपर्यंत आणि एकदा पानं मांडेपर्यंत. मग मलाही बसवलं. टाकी सांभाळणाऱ्या मावशींनी पुरी वाढताना विचारलं, "हीटर तळाला आडवा टाकणार? आणि गाळाचं काय?"

"कुठाय गाळ? तळ दिसतोय की!"

त्या हसल्या, श्रीखंड वाढलं. मला वाटलं, पटलं.

दोन महिन्यांनी फोन आला. "काका, वाट लागली. या." टाकी उपसली होती. चार बोटं राखाडी गाळाखाली माझा हीटर फुटून पडला होता. या रसायनाचा रोज गाळ बसतो, त्यात उष्णता कोंडते आणि हीटर स्वतःच भाजून निघतो. हे मला पहिल्या नोकरीपासून ठाऊक होतं.

"पुरलंत की हो बिचाऱ्याला," मावशी म्हणाल्या.

"सजवलेली नवरी बघून गेलात, काका," मालक म्हणाला, "संसार कुणी बघायचा?"

सगळे हसले, मीही हसलो. मनात मात्र आलं, आता इथूनही बोलावणं बंद. तेवढ्यात तो म्हणाला, "पुन्हा तुम्हीच निवडा. पण कामाच्या दिवशी या, सणाला नको."

कामाच्या दिवशी गेलो. कुणी मान वर केली नाही. टाकीवरून माल वरखाली होत होता, मी अंग चोरून एकदाच माप घेतलं. कडेवरून उभा सोडायचा, तळापासून वीतभर वर राहणारा हीटर निवडला. चुकायला जागाच ठेवली नाही. तो बसवल्यापासून तक्रार नाही, म्हणजे फोनही नाही.

परवा मीच केला. "हीटर कसा आहे?"

"झकास! का हो, काही काम होतं?"

"नाही रे, असंच."

"बरं. ठेवतो काका, माल आलाय."

समोर टेबलावर टाकीच्या मापांचा कागद मी काढून ठेवला होता. बोलणं लांबलं तर हाताशी असावा म्हणून.