सुरूच्या वाडीतली लाल रिबीन

नाताळसाठी झाड घ्यायला लेकीला घेऊन वसईजवळच्या एका सुरूच्या वाडीत गेले होते. काही झाडांना लाल रिबिनी बांधलेल्या दिसल्या.

"आत्तापासूनच सजवलीत?" मी विचारलं.

वाडीवाले इनासकाका कोयत्याला धार लावता लावता हसले. "सजवली नाहीत, बाई. ही उद्या तोडायची. खांद्याएवढं, सरळसोट झालेलं झाड पहिलं जातं. वाकडी राहतात."

मी वळून लेकीकडे पाहिलं. लेक शाळेतून तशीच आली होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, झाडांच्या रांगेत अगदी ताठ उभी. माझ्या खांद्याला कधी लागली ही? आणि रोज मीच तिच्या मागे लागते, पोक काढू नकोस म्हणून!

धावत जाऊन मी तिच्या रिबिनी सोडल्या.

"आई, काय झालं?"

"काही नाही गं. जरा वाकून उभी राहा."