काळा चौकोन, लाल गोल

आमच्या अमरावतीत त्या काळी मुलगी बघायला पाहुणे आले, की पोह्यांच्या आधी तिचं भरतकाम पुढे येई. दोसुतीच्या जाड कापडावर फुलीच्या टाक्यांनी भरलेला पोपट, नाहीतर ‘सुस्वागतम्’. घराघरात तोच पोपट, कारण नमुन्याचा कागद सगळ्या गल्लीत एकच. मला त्या पोपटाचा मनापासून राग होता.

माझी थोरली बहीण पोपटाच्या तावडीतून सुटली ती शाळेतल्या भरतकामाच्या बाईंमुळे. बाईंना रद्दीत एक विलायती मासिक सापडलं होतं, त्यात रशियातल्या भरतकामाची दोन पानं होती. एका पानावर जुनं काम, पांढऱ्या टॉवेलवर समोरासमोर लाल कोंबडे. दुसऱ्यावर नवं: नुसते चौकोन, गोल, तिरक्या पट्ट्या. बाईंनी समजावलं, की तिकडे राज्य उलटलं तसे चित्रकारही उलटले. भिंतीवर चिकटवायची पोस्टरं काढणारे लोक आता भरणाऱ्या बायांना नमुने देतात, आणि रस्त्याने जाणाऱ्याला लांबून कळावं असंच काढायचं ही त्यांची रीत. वर्गातल्या पोरी खिदळल्या. ताई हसली नाही.

बाई वर्षअखेर नोकरी सोडून जाणार होत्या. त्यांच्या जागी कोणाला घ्यायचं ते शाळेची कमिटी प्रदर्शनातलं काम बघून ठरवणार होती. अट एकच, नमुना स्वतःचा हवा. ताई सातवी पास होती आणि तिला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की तिने मायला तोंडावर सांगितलं, “मले लगन नाही पायजे, शाळा पायजे.”

माय म्हणाली, “हो का वं! आन् आमी लोकायले काय सांगू?”

ताईने रशियातलं काही उतरवलं नाही. हातभर दोसुतीवर तिने काळा चौकोन भरला, त्याच्या कोपऱ्याला टेकलेला लाल गोल, आणि दोघांना कापत जाणारी पिवळी पट्टी. बस्स. शेजारणी डोकावून विचारत, “पोरी, पोपट कवा काढशीन मंग?” दारातून पाहिलं तरी ते कापड अंगावर येई. मला ते फार आवडायचं. का, ते अजूनही सांगता येत नाही.

प्रदर्शन आठवड्यावर आलं आणि अकोल्याचे पाहुणे आले. मुलाच्या बापाची कापसाची जिन होती, म्हणजे सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना. आमची काळ्या जमिनीतली कापसाची शेती, म्हणजे असं स्थळ चालून येणं मोठीच गोष्ट. बाबा सकाळपासून नुसते आतबाहेर करत होते. रीतीप्रमाणे भरतकाम मागितलं गेलं आणि घरात दुसरं काही नव्हतं म्हणून मायने तेच पुढे केलं.

मुलाच्या वडिलांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “हा कोण्या जिनचा मार्का हाय?”

त्यांचं तरी काय चुकलं? कापसाच्या गाठीवर जिनवाल्याची खूण रंगवलेली असते, वाचता न येणाऱ्या हमालानेही ओळखावी अशी. जन्मभर गाठी बघितलेल्या माणसाला चौकोन नि गोल म्हणजे मार्काच. पण प्रश्नात संशय होता. ही पोरगी दुसऱ्या कोणाचा मार्का भरून ठेवते, म्हणजे तिथे आधी बोलणी झाली की काय? बाबांना घाम फुटला.

ताई म्हणाली, “हा मार्का नाही, हे माहं...”

तिला पुरतं बोलू न देता बाबा म्हणाले, “तुमच्या जिनसाठीच काढला जी. पोरगी म्हणे, सासरी खाली हातानं कावून जावं?”

गृहस्थ खूष! कापडाची घडी त्यांनी कोटाच्या खिशात घातली. सुपारी तिथेच फुटली. ताई आत येऊन मला म्हणाली, “आता कमिटीले काय दाखवू?” मला बाबांचा असा संताप आला, की कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. शाळेतली जागा पोपटाऐवजी बदक काढणाऱ्या एका मुलीला मिळाली.

ताईच्या लग्नानंतर मी अकोल्याला गेले, तर तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या, जिनच्या आवारात गाठींच्या थप्प्या, आणि प्रत्येक गाठीवर ताईचा चौकोन नि गोल, पत्र्याच्या साच्यातून मारलेला. सगळा काळाच, तीन रंग कोण लावत बसतो? पट्टी कुठे डावीकडे झुकलेली, कुठे उजवीकडे. रशियात पोस्टर सुईत शिरलं, आमच्याकडे सुईतलं परत पोस्टर झालं. त्या गाठी रेल्वेने मुंबईला आणि तिथून जहाजाने पार साता समुद्रापलीकडे जात.

मी म्हटलं, “ताई, तुहं काम जहाजात बसून चाललं वं!” ती सुपात डाळ निवडत होती. एक खडा वेचून तिने बाजूला टाकला.

तेवढ्यात शेजारची बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या हातात कोरी दोसुती होती. “तुमी शाळेत भरतकाम शिकल्या म्हणते. इले थोडं शिकवा ना जी, पाहुणे येऊन राहिले.”

मला वाटलं, आता ताईचा चेहरा खुलेल.

“मले नाही येत,” ताई म्हणाली.

“आँ? मंग तो जिनचा मार्का? तो तं तुमीच...”

“तो मामाजीनं काढला,” ताई म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.