मोत्याला डोंगरात सोडलं, तो दिवस

आज सकाळी चहा पिताना बाबांनी जवळजवळ चाळीस वर्षांनी मोत्याचं नाव काढलं. तेव्हापासून काही सुचत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

ऐंशीच्या दशकात आम्ही विक्रोळीला चाळीत राहायचो. मोत्या आमचा कुत्रा. तो शेजारच्या मुलीला चावला आणि चाळीतल्यांनी सांगितलं, "त्याला घालवा, नाहीतर आम्ही विष घालू."

रविवारी बाबा मला आणि मोत्याला घेऊन मुलुंडच्या डोंगरात निघाले. मी नऊ वर्षांची. मला वाटलं, फिरायला चाललोय.

पाऊस थांबतच नव्हता. चिखलातून चार-पाच तास चाललो. मोत्या पुढे पळायचा आणि आम्ही मागे पडलो की थांबायचा.

एका ओढ्यापाशी बाबांनी बिस्किटाचा पुडा पलीकडे फेकला. मोत्या पाण्यातून तिकडे गेला. बाबांनी माझा हात धरला. "चल. मागे बघू नकोस."

मी इतकी रडले की शेवटी मला झाडाखाली उभं करून ते त्याला आणायला गेले. एकटेच परत आले. "पाणी वाढलंय गं. आता नाही आणता येत."

ते मी आजवर खरं मानलं.

आज म्हणाले, "पाणी वाढलं नव्हतं. तो ओढा ओलांडून माझ्याकडे आला होता. मी दगड मारून त्याला हाकललं."

बाबांचा नाइलाज मला कळतो. पण मी चहाचे कप उचलून आत निघून आले. ते अजून बाहेर बसलेत.

तुम्ही काय बोलला असतात?