दुसऱ्या मापाचे अंश

ठाण्याच्या खाडीकाठी एका गोऱ्या मालकाची मिठागरं होती. त्र्यंबक आठल्ये तिथे कारकून. गणितात पक्के, आणि त्याचा त्यांना जरा तोराच होता. १८८४ साली मालकाच्या वतीने तिथला कारभार पाहणाऱ्या साहेबाने विलायतेहून काळ्या गोळीचा उष्णतामापक आणि एक छापील कोष्टक मागवलं. गोळी उन्हात ठेवायची, साधा पारा सावलीत; दोहोंतला फरक कोष्टकात पाहिला, की तेवढ्या उन्हात किती मीठ पिकायला हवं ते कळे. हंगामभर त्र्यंबकांनी रोज नोंदी घेतल्या आणि अंदाज काढून दिला.

पिकलं त्याच्या जेमतेम निम्मं. उरलेलं चोरीला गेलं, असं साहेबाने ठरवून टाकलं. आगर तिथे मीठ पिकवणाऱ्या राघोच्या ताब्यात होतं, तेव्हा पोलिसांनी राघोलाच धरलं.

"मीठ पिकलाच नाय, त चोरू काय?" एवढंच तो म्हणत राहिला.

कोर्टात दाखवायचं म्हणून आदल्या दिवशी त्र्यंबकांनी कोष्टक बाहेर काढलं. माथ्यावर बारीक टाइपात छापलं होतं: अंश सेंटिग्रेडचे. त्यांची यंत्रं फॅरनहाइटची. साठ अंशांचा फरक त्यांनी साठाच्याच ओळीत पाहिला होता. पाहायला हवा होता तेहतिसाच्या; म्हणजे अंदाजच जवळजवळ दुप्पट निघाला होता, मीठ चोरीला गेलंच नव्हतं. तसेच ते साहेबाकडे गेले. साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं. चूक तुझ्या हातची आहे, म्हणाला; कोर्टात खुशाल सांग, पण मग इथे पाऊल टाकू नकोस.

दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटने विचारलं, "हिशेब बरोबर आहे?"

"होय," त्र्यंबक म्हणाले. राघोकडे त्यांनी पाहिलं नाही.

राघोला सहा महिने सक्तमजुरी झाली. चौथ्या महिन्यात तुरुंगात पटकीची साथ शिरली, तीत तो गेला.

तेव्हा कुठे त्र्यंबकांनी सगळा खुलासा लिहून, साहेबाला वगळून, थेट मालकाला पाठवला. पुढच्या हंगामापासून दुरुस्त आकडे वापरावेत, असं उत्तर आलं. राघोबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. त्र्यंबकांना काढलं तर नाहीच, वर्षभराने हेडक्लार्क केलं.

एकदा धीर करून ते राघोच्या बायकोकडे, गोदाकडे गेले. अंगणात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती.

"तुमाला कोर्टात ठावं होता?"

"होय."

"मंग आता कनाला सांगता?"

सूप उचलून ती घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

नोकरी त्र्यंबकांनी सोडली नाही. पदरात चार मुलं आहेत, असं ते स्वतःला बजावत. गावाच्या लेखी राघो चोरच राहिला. त्याच्या मुलीला कुठे सोयरीक जुळेना, तेव्हा गोदा तिला घेऊन उरणला भावाकडे निघून गेली.