एकशे बारा सह्या

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला सगळे 'रेडिओ' म्हणत. कात्री हातात आली की त्याचं तोंड सुरू. हवापाण्यापासून लोकांच्या सोयरिकींपर्यंत कुठलाच विषय त्याला वर्ज्य नव्हता. पण बायको गेल्यापासून त्या रेडिओवर एकच स्टेशन लागायचं.

बायको बालवाडीत शिकवायची. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून पडून राहणं नशिबी आलं. आपली एक काढून द्यावी म्हणून हा तडक डॉक्टरांकडे गेला, तर यालाच मधुमेह निघाला. मग उरली प्रतीक्षायादी. पहिल्या वर्षी तिचा नंबर एकेचाळिसावा होता, चौथ्या वर्षी सहावा. "शाळेतसुद्धा कधी इतका वरचा नंबर आला नव्हता माझा," असं ती हसत म्हणाली आणि त्याच महिन्यात गेली.

पुन्हा दुकान उघडलं तेव्हा आरशाखाली, पावडरच्या डब्याशेजारी, अवयवदानाच्या अर्जांचा गठ्ठा होता. केस कापता कापता तो समजावून सांगायचा, की मेंदू मेला म्हणजे माणूस गेलाच. यंत्रावर छाती हलते, पण तो श्वास त्याचा नसतो. गळ्यावर वस्तरा असताना नाही कोण म्हणणार, असा विनोद गल्लीत रूढ झाला. काहींनी सलूनच बदललं. "दाढीला जावं तर हा मरणाच्या गोष्टी काढतो!" सहा वर्षांत एकशे बारा सह्या झाल्या, पण प्रत्यक्ष दान एकही नाही. "लोकांना मरायची घाई नाही, हे चांगलंच आहे की," असं तो म्हणायचा.

पहिली सही पलीकडच्या भांडीवाल्याची. बावीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक आणि पक्का थट्टेखोर. "लिही बाबा," तो म्हणाला होता, "फक्त काळीज काढण्याआधी ते आहे का, एवढं माझ्या बायकोला विचार."

हा भांडीवाला माळ्यावरची पातेली काढताना शिडीवरून पडला आणि डोक्यावर आपटला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं, मेंदू मृत झालाय. पाकिटात दानाचं कार्ड सापडलं. दवाखान्यात अवयवदानाचं काम बघणाऱ्या बाई घरच्यांची संमती मागायला आल्या, तेव्हा त्याची बायको एवढंच म्हणाली, "आधी रेडिओ भावजींना बोलवा."

तो अंगावरचे केस झटकत धावतच गेला. वहिनीने त्याचा हात धरून नवऱ्याच्या छातीवर ठेवला.

"गरम आहे ना?"

"गरम आहे, वहिनी."

"मग मी यांना फाडायला देऊ?"

हाताखाली छाती खरंच वरखाली होत होती. "ते मशीन आहे, वहिनी. आणि ही त्याचीच इच्छा होती..."

"इच्छा कसली? तुमचं मन राखायला सही केली त्यांनी. घरी येऊन म्हणाले, बिचाऱ्याची बायको गेलीय, त्याला नाही कुठे म्हणायचं."

ही बाई काही वाईट नव्हती. याची बायको आजारी होती तेव्हा चार वर्षं हिनेच घरी डबा पोचवला होता. त्याने मान खाली घातली आणि तो बाहेर आला. वरच्या मजल्यावर डायलिसिसची खोली होती आणि तिथे आठ खाटा होत्या. त्या रिकाम्या नसतात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला भांडीवाल्याचं हृदय आपोआप थांबलं. सहाला याला निरोप आला. डोळे अजून देता येतील, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. सहा तासांची मुदत असते, हे त्यानेच शंभरदा लोकांना सांगितलं होतं. पण पुन्हा त्या बाईसमोर जाऊन मागायचं? जीभ रेटेना. तो दुकान न उघडता आतल्या बाकावर बसून राहिला.

दुपारी वहिनीने बोलावणं पाठवलं. "यांना खुंट वाढलेले आवडायचे नाहीत. तेवढी दाढी करा." तो गेला. गार गालावर साबण नीट फेसाळत नव्हता. नुकतीच परगावाहून आलेली लेक पाण्याचं भांडं धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "काका, बाबांचे डोळे तरी देता येतील? आईला मी समजावते."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते.

"उशीर झाला गं बाळा."

"सकाळी कुणीच कसं बोललं नाही?"

तो वस्तरा पुसत राहिला.

सलून अजून चालू आहे. गिऱ्हाइकं म्हणतात, रेडिओ बिघडला. कुणी मागितला तर तो अर्ज देतो, आपणहून तोंड उघडत नाही. वर्षभरात एकच सही झाली, ती भांडीवाल्याच्या लेकीची. "घरच्यांना सांगून ठेव हो," तो म्हणाला. "सांगितलं," ती म्हणाली. "नवरा म्हणतो, तुला काही झालं तर मी संमती देणार नाही." तरी तिने सही केली आणि ती निघून गेली.