मालिना मिस्त्रींचं न निघणारं कडं

ओताकार मालिनांनी अडतीस वर्षं रेल्वेच्या चाकांवर पोलादी धावा, म्हणजे चाकाभोवतीची कडी, चढवल्या. धाव सणसणीत तापवायची, चाकावर उतरवायची आणि थंड होऊ द्यायची. थंड होताना ती चाकाला अशी आवळते की पुन्हा निघण्याचं नाव नाही. निघालीच तर गाडी रुळावरून जाते आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याचं नाव पेपरात येतं. मालिनांची एकही धाव कधी निघाली नाही, आणि ही गोष्ट ते कुणी न विचारताच सांगत.

निवृत्तीनंतर त्यांनी ऑस्त्रावातल्या आमच्या इमारतीच्या तळघरात एक जुनं छोटं लेथ मशीन आणून ठेवलं. कुणाच्या दाराची मूठ, कुणाच्या सायकलचा खिळा, सगळं तिथे. कामाचं काही मागितलं नाहीच, पण काम झाल्यावर दहा मिनिटं उभं राहून त्याचं कौतुक ऐकावं लागे. बायको द्राहुशे म्हणायची, "पैसे घेतले असतेस तर लोकांना स्वस्त पडलं असतं."

चौथ्या मजल्यावरची राद्का औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. वय छत्तीस, आणि यो-यो खेळते. हौस म्हणून नव्हे, स्पर्धेत. आमच्याकडे हा खेळ पोरांचा राहिलेलाच नाही. तिच्या यो-योची दोन्ही अर्धी अ‍ॅल्युमिनियमची, आणि त्यांच्या काठावर बाहेरून एकेक कडं बसतं. हलकी कडी लावली की यो-यो चपळ होतो, जड लावली की खूप वेळ फिरत राहतो. हलकी तिच्याकडे होती. जड हवी होती, म्हणून ती तळघरात आली.

"पोलादाची करून द्याल का, मिस्त्री?"

"देईन की. कशी बसायला हवीत?"

"आकोरात," राद्का म्हणाली.

आकोरात म्हणजे आमच्या बोलीत नेमकं, जेवढ्यास तेवढं. कपडा अंगाला बसतो तोही आकोरात आणि सूपमध्ये मीठ पडतं तेही आकोरात. मालिनांना त्यात विचारण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी कडी दीड शतांश मिलीमीटर लहान कातली, स्टोव्हवर तापवली आणि बसवून टाकली. सांधा नखाला लागेना. त्या संध्याकाळी गुत्त्यात सगळ्यांनी तो यो-यो हातात घेऊन पाहिला.

सोमवारी राद्का खाली आली. अंगठ्याचं नख तुटलेलं.

"मिस्त्री, हे निघतं कसं?"

"निघत नाही," मालिना समाधानाने म्हणाले.

"अहो, पण निघायला हवंय ना."

"तुम्हीच म्हणालात आकोरात."

"आकोरात म्हणजे हाताने निघेल इतपत."

"राद्काबाई, हाताने निघतं त्याला आम्ही सैल म्हणतो."

राद्का हसली नाही. शनिवारी स्पर्धा होती. पहिली फेरी एका मिनिटाची, तीत सगळा चपळाईचा खेळ. पोलादी कड्यांनी ती पार पडणं शक्य नव्हतं, आणि तीत बाद झालं की जड कड्यांची लांब फेरी येतच नाही. दुसरा यो-यो घ्यावा तर हा बनवणाऱ्याने यो-यो बनवणंच सोडलेलं. हातोडी मारावी तर अर्धं जरा वाकलं तरी दोरीवर थरथरतं आणि मग ते पेपरवेट म्हणून बरं. चार वर्षं ती याच एका यो-योवर हात बसवत होती.

"शनिवारच्या आत काढून देतो," मालिना म्हणाले. ती गेल्यावर ते स्टुलावर बसले. आयुष्यभर ज्याची शेखी मिरवली, तेच आता निस्तरायचं होतं. वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

मंगळवारी त्यांनी रबरी पट्टा गुंडाळून ओढलं, फडक्यात धरून पिळलं. काही नाही. द्राहुशे दारात उभी राहून बघत होती.

"उकळत्या पाण्यात धर. काकडीच्या बरणीचं झाकण नाही का निघत तसं?"

मालिनांनाही ते पटलं. तापवून बसवलं ते तापवून निघेल, यात शंका कसली. त्यांनी पातेलं ठेवलं, यो-यो उकळला, जाड हातमोजे घालून जोर लावला. कडं आणखीच घट्ट. म्हणून पुन्हा उकळला, या वेळी अर्धा तास. द्राहुशेने विचारलं की मीठ किती घालू.

बुधवारी सकाळी शब्दकोडं सोडवता सोडवता मालिना मध्येच थांबले. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. चाकही पोलादाचं आणि धावही पोलादाची, अडतीस वर्षं तेच. इथे मात्र आत अ‍ॅल्युमिनियम होतं, आणि अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. दोन्ही एकत्र तापवली की आतलं बाहेरच्याला अधिकच दाबणार. पण जे जास्त फुगतं, ते आकसतंही जास्त. त्यांनी शब्दकोड्याच्या कडेला हिशेब मांडला. फ्रीजरच्या थंडीत दोन शतांशाहून थोडी जास्त फट पडत होती. आवळ दीड शतांशाची. म्हणजे अर्धा शतांश आपल्या बाजूने.

"द्राहुश्का, फ्रीजरमध्ये जागा हवी."

"नाही."

"दोन तासांपुरती."

"सप्टेंबरमधली अळंबी आहेत त्यात, आणि आलुबुखारा भरलेले कणकेचे उंडे. बसून बसून वळलेत मी ते. तुझ्या खेळण्यासाठी काढू होय?"

"खेळणं माझं नाही. चूक माझी आहे."

हे वाक्य द्राहुशेने त्यांच्या तोंडून लग्नापासून ऐकलं नव्हतं. तिने दोन डझन उंडे बाहेर काढले. काढलेले उंडे परत ठेवता येत नाहीत, म्हणून ते दुपारच्या जेवणाला उकडले आणि चौथ्या मजल्यावर निरोप गेला. राद्काची त्या दिवशी अर्धी सुट्टी होती. वितळलेलं लोणी, साखर, वरून पनीराचा कीस. यो-यो थंड होईतो तिघांनी सोळा संपवले. पोट भरल्यावर राद्काही जरा निवळली.

मालिनांनी कडं सगळीकडून सारखं ढकलता यावं म्हणून बीच लाकडाची वाटी कातून ठेवली होती. यो-यो फ्रीजरमधून काढला, अर्धी पिळून वेगळी केली, एकावर वाटी टेकवली आणि तळव्याने दाबलं. टक् असा आवाज आला आणि कडं टेबलावर पडलं.

दुसरं हलेना. पहिल्यात वेळ गेला होता आणि तेवढ्यात ते कोमट झालं होतं. पुन्हा फ्रीजर, वर कॉफी, आणखी चार उंडे. दुसऱ्या वेळी मालिनांनी अर्धं धरलं आणि राद्काला म्हणाले, "तुम्ही दाबा. मला इतक्या वर्षांत काढायची सवय नाही." तिने दाबलं. टक्.

राद्काने दोन्ही अर्धी उजेडात फिरवून पाहिली. एक ओरखडा नव्हता.

"आता ही कडी सैल करायची ना, मिस्त्री?"

"सैल नाही," मालिना म्हणाले. "आकोरात. तुमचं आकोरात."

ते एकटेच तळघरात उतरले. कडी आतून दोन-तीन शतांश घासली, प्रत्येकात केसासारखी खाच पाडली आणि नळाच्या वायसरांच्या डब्यातून बारीक रबरी रिंग काढून तीत बसवली. दाबलं की बसतं, अंगठ्याने लोटलं की निघतं. आपल्याच हाताचं काम सैल करताना त्यांना चोरी करतोय असं वाटत होतं. वरच्या मजल्यावरून द्राहुशेच्या आणि राद्काच्या हसण्याचा आवाज येत होता, म्हणून ते नेटाने घासत राहिले.

शनिवारी मालिना लग्नकार्याचा सूट आणि टाय घालून सभागृहात दुसऱ्या रांगेत बसले. आजूबाजूला सगळे टी-शर्टवाले. राद्का कोपऱ्यात पोलादी कड्यांवर सराव करत होती. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. तिने अंगठ्याने एक कडं लोटलं, मग दुसरं, दोन्ही खिशात टाकली, हलकी बसवली आणि पायऱ्या चढू लागली. चार-पाच सेकंदांचं काम. कुणाचं लक्षही नव्हतं.

मालिना उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. शांत सभागृहात एकट्याच्या टाळ्या. लोक माना वळवून पाहू लागले. द्राहुशेने त्यांचा कोट ओढला.

"ओतो, बस खाली. अजून सुरू व्हायचंय."

"माझं झालं," मालिना म्हणाले, आणि टाळ्या वाजवत राहिले.